हिंगणीच्या टाक्यातले जलावलोकन

प्रलयकाळी ज्याने जलावरच शयन केले त्या नारायणाला प्रथम वंदन करतो. सर्व जलांचा अधिपती जो वरुण, त्याला दुसरे वंदन. आणि ज्या अंगठ्याएवढ्या देवामुळे हे लिहिण्याचा योग आला, त्या आमच्या घरच्या बाळकृष्णाला तिसरे. प्रसंग असा, की गेल्या वैशाखात माझ्या नातवंडांनी, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या आमच्या वर्धा जिल्ह्यात, स्नॉर्कलिंग केले. ते कसे घडले आणि त्यापायी आम्ही सहा माणसे दुपारी साडेतीन वाजेपर्यंत अन्नाविना का राहिलो, हे जसे आठवते तसे सांगतो.

माझा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. दर उन्हाळ्यात सूनबाई दोन्ही मुलांना घेऊन पिपरी मेघेला आमच्या घरी येतात. नातू बारा वर्षांचा आहे, नात आठ वर्षांची. या खेपेस सर्वांनी मिळून कोकणात समुद्रावर जायचे ठरले होते. तेथे पाण्यावर पालथे तरंगत, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी धरून, तळाचे मासे आणि पोवळी पाहतात म्हणे. मुलाने त्यासाठीचे सगळे सामान आधीच मागवले होते. परंतु रेल्वेची तिकिटे प्रतीक्षायादीतून शेवटपर्यंत बाहेर पडली नाहीत, पाठोपाठ मुलाची सुटीही रद्द झाली, आणि समुद्राऐवजी ते सामानच तेवढे वर्ध्याला आले. दोन मुखवटे, दोन नळ्या आणि दोन केशरी तरंगजाकिटे.

मुलांनी ते सामान पेटीत राहू दिले नाही. बाहेर ऊन असे, की दुपारी अंगणात पाऊल टाकवत नव्हते. घरात कूलरच्या वाऱ्यापुढे दोघेही सतरंजीवर पालथे पडून, मुखवटे लावून, तासन् तास फरशीचे निरीक्षण करीत. एकदा गॅसचे सिलिंडर घेऊन मनुष्य आला. नातवाने त्याच वेषात दार उघडले आणि नळीतूनच काहीतरी विचारले. त्या मनुष्याने सिलिंडर ठेवले, मला बाजूला बोलावले आणि हळू आवाजात म्हणाला, "काकाजी, पोराले दमा आहे का?"

मला त्या नळीविषयी मनापासून शंका होती. श्वास नासिकेने घ्यावा, मुख हे अन्न आणि वाणी यांसाठी आहे, असे मी पाठशाळेत शिकलो आणि पुढे छत्तीस वर्षे शिकवले. तसे मी नातीला समजावूनही सांगितले. तिने मुखवटा कपाळावर सरकवला.

"आजोबा, तुम्ही संध्येला बसता तेव्हा नाक धरता ना?"

"धरतो."

"आम्ही पण धरतो. फक्त काचेने."

यावरचे उत्तर मी पुढे ढकलले, आणि अद्यापही ते राहिलेलेच आहे.

मुलांचे पाण्यावाचून चाललेले पोहणे पाहून पहिल्यांदा बोर धरणाचे नाव निघाले. ते सूनबाईंनी आणि मी एकाच दमात फेटाळले. मग हिंगणीहून माझ्या भाच्याचा फोन आला. त्याची तेथे संत्र्याची बाग आहे.

"मामाजी, माह्या वावरात टाकं आहे ना! तीस बाय वीस. चार फूट पाणी. समुद्र काय अन् टाकं काय, पाणी त पाणीच आहे."

"अरे, त्यात पाहण्यासारखे काय आहे?"

"पाह्यल्यावर समजते जी. मी तरी कुठं आतमंदी पाह्यलं आहे!"

उत्तर तर्कशुद्ध होते. एका बुधवारी जायचे ठरले. मी एकच अट घातली. जलात प्रथम प्रवेश करण्यापूर्वी जलाची यथासांग पूजा झाली पाहिजे.

येथे आमच्या घरची एक रीत सांगणे भाग आहे. घर दिवसभर बंद राहणार असेल तर इतर देवांना अक्षता वाहून आम्ही त्यांची रजा मागतो. बाळकृष्णाची गोष्ट वेगळी. तो रांगते लेकरू. त्याला एकट्याला कुलपात ठेवून कोणी जात नाही. तो तांब्याच्या लहान डबीत, मऊ वस्त्रात गुंडाळून, सोबत येतो. हा बाळकृष्ण पितळेचा आहे आणि मूळचा आमच्या घरचा नाही. माझ्या पत्नीच्या लग्नात तिच्या आईने रोहण्याहून तो तिच्या ओटीत दिला होता. गेली एकोणपन्नास वर्षे त्याची पूजा मी करतो, नैवेद्य ती करते, आणि त्याच्या आधी घरात कोणी घास घेत नाही. हा नियम मीच घातलेला आहे.

बुधवारी सकाळी आम्ही भाच्याच्या गाडीने निघालो. पत्नीने पहाटे उठून गोळाभात, कढी, पुऱ्या आणि कैरीचे पन्हे केले होते. बागेत पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते. टाके सिमेंटचे, थोडे जमिनीत उतरलेले, वर कमरेएवढ्या भिंतीचे. विहिरीतून मोटारीने पाणी त्यात भरायचे आणि तेथून नळ्यांनी झाडांना द्यायचे अशी योजना. वरून पाहता उन्हाच्या चमकेमुळे आतले काही दिसत नव्हते. डबे कडुनिंबाच्या सावलीत ठेवले. पलीकडच्या झाडावर चारपाच वानरे डब्यांकडे पाहत बसली होती, म्हणून पत्नी काठी घेऊन डब्यांपाशीच बसली.

मी भिंतीच्या रुंद कठड्यावर ताम्हन मांडले आणि बाळकृष्णाला डबीतून काढून त्यात बसवले. संकल्पाला अडलो. कोणत्या कर्मासाठी ही पूजा, ते संकल्पात सांगावे लागते, आणि या कर्माला पूर्वाचार्यांनी नाव दिलेले नाही. थोडा विचार करून मी म्हणालो, "मम पौत्रयोः नलिकाश्वसनपूर्वक-जलावलोकन-निर्विघ्नता-सिद्ध्यर्थम्." नातू जाकीट घालून हात जोडून उभा होता. त्याने अर्थ विचारला. नळीने श्वास घेत जल पाहणाऱ्या माझ्या नातवंडांना विघ्न येऊ नये, असा तो मी सांगितला. "म्हणजे हे सगळं एका शब्दात बसतं?" असे म्हणून तो बराच प्रभावित झाला.

सात नद्यांचे आवाहन झाले. पंचामृताचे स्नान सुरू झाले. तुपाच्या बाबतीत मी कधी हात आखडता घेतलेला नाही, आणि त्या उन्हात तूप तेलासारखे पातळ झाले होते. त्यावर मध. मग शुद्धोदकासाठी मी बाळकृष्णाला दोन बोटांनी उचलले.

न्हाऊ घालताना मूल हातातून निसटते तसा तो निसटला. कठड्यावर एकदा वाजला आणि टाक्यात गेला. पाण्याचा आवाज असा काही झालाच नाही, लहानसा 'डुब' एवढाच.

माझ्या हातात मध राहिला. मग नात म्हणाली, "आजोबा, तो आपल्याआधी गेला."

निंबाखालून पत्नी उठून आली. तिने टाक्यात पाहिले, मग माझ्या बोटांकडे पाहिले. परत जाऊन काठी घेऊन बसली. तिच्या आईने दिलेले आता एवढेच तिच्यापाशी उरले होते, हे मला ठाऊक होते.

"मामाजी, काऊन घाबरता?" भाचा म्हणाला. "व्हॉल्व खोलतो. दोन घंट्यात टाकं रिकामं. देव कुठं जाऊन राह्यले जी?"

"पुन्हा भरशील कधी?"

"मोटारीची लाइन परवा येते. दोन दिवस पाणी नाई भेटलं त झाडं थोडीच मरतात."

मी झाडांकडे पाहिले. आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी झाली होती. त्या उन्हात ताण बसला असता तर निम्मी गळून पडली असती, हे शेती न करणाऱ्या मलाही कळत होते. माझ्या हातून देव निसटला म्हणून याचा बहार गळावा, हा न्याय नव्हता. मी नको म्हणालो.

"मंग मी उतरतो. पायानं चाचपतो, सापडून जाईन."

"पायाने?"

भाच्याने उचललेला पाय परत खाली ठेवला. "हो जी, ते त राह्यलंच."

तेव्हा मी कठड्याला टेकून शांतपणे विचार केला. देव तळाशी आहे, पण कोठे आहे हे ठाऊक नाही. अर्थात संपूर्ण तळ हेच देवाचे आसन. तेथे कोणाचाही पाय टेकता कामा नये. पाय न टेकता, मस्तक खाली करून, तळाकडे दृष्टी लावून जो जाईल त्यालाच अधिकार. मी हे सर्वांना ऐकवले. सूनबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्नॉर्कलिंगच सांगताय."

ते खरेच होते. भाच्याने कठड्यावरून एकेका मुलाला दोन्ही हातांवर घेतले आणि तव्यावर पोळी घालावी तसे पाण्यावर अलगद पालथे घातले. दोघांचे हात पुढे पसरलेले, पाय मागे, कपाळ जलाशी. ते दृश्य पाहून मला नम्रतेने मान्य करावे लागले, की ज्याला मी आठवडाभर खेळ म्हणत होतो तो साष्टांग नमस्कार होता, आणि माझ्या गुडघ्यांनी अलीकडे घातलेल्या कोणत्याही नमस्कारापेक्षा तो अधिक पूर्ण होता.

शोध सुरू झाला. काही दिसले की मुले नळीतून हुंकार देत, आणि तो आनंदाचा की भीतीचा हे मान वर काढेपर्यंत समजत नसे. नात प्रथम ओरडली ती बेडूक पाहून. मग नातवाला काहीतरी लोखंडी दिसले. भाच्यापाशी जुन्या भोंग्यातले मोठे चुंबक होते. विहिरीत पडलेल्या वस्तू काढण्यासाठी त्याने ते दोरीला बांधून ठेवले होते. नातू बोटाने दिशा दाखवी आणि भाचा वरून चुंबक सोडी. असे करता करता तीन नट, एक मोडके विळ्याचे पाते आणि शेवटी एक भला मोठा पाना वर आला.

भाचा पाना छातीशी धरून नाचू लागला. "माहा पाना! अरे दोन सालं झाले जी! म्या त चोरला म्हणून सालदाराचं नाव घेतलं होतं!" मग एकदम थांबला. "मामाजी, त्या बिचाऱ्यानं कामच सोडून देलं होतं न."

"त्याला फोन कर," पत्नी निंबाखालून म्हणाली.

"करतो मामी. जेवण झाल्यावर करतो."

"आत्ता कर. जेवण कधी होईल ते कोणाला माहीत!"

भाचा झाडामागे जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. नंतर त्याने अधिक उत्साहाने चुंबक सोडले, परंतु पितळ चुंबकाला दाद देत नाही हे सर्वांना ठाऊक असूनही मोठ्याने कोणी म्हणत नव्हते.

बारा वाजून गेले. पाण्याबाहेर काढून मुलांना मी जेवून घ्यायला सांगितले. बालकांना या नियमाचा दोष नाही असा निर्वाळाही दिला. नातीने नकार दिला. दर सुटीत बाळकृष्णाला लोण्याचे बोट ती लावते. "तो उपाशी आहे आणि मी पुरी खाऊ?" असे तिने विचारले. नातवाला खरे तर पुरी हवी होती. त्याने डब्याकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले आणि मुकाट्याने मुखवटा पुन्हा ओढून घेतला. सूनबाईंनी दोघांना एकेक पेला पन्हे मात्र दटावून पाजले. पन्हे हे पेय, अन्न नव्हे, असे मी लगेच सांगून टाकले. पत्नीला मी म्हणालो, "तूही दोन घास घे. मी मोकळीक देतो."

"तुमची मोकळीक तुमच्या देवांपुरती," ती म्हणाली. "हा माझ्या माहेरचा आहे."

एक वाजण्याच्या सुमारास टाक्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून नातीचा लांबच लांब हुंकार आला. तिने मान वर काढली, नळी थुंकून टाकली आणि किंचाळली, "दिसला! आजोबा, तो मोठा झालाय!"

"केवढा?"

"एवढा!" तिने हाताने लिंबू दाखवले. "शेवाळावर रांगतोय. बेडूक त्याच्या शेजारी बसलाय."

नातूही तेथे गेला आणि त्यानेही पाहिला. पण तरंगजाकीट बुडू देत नाही. सूनबाईंनी ते काढू देण्यास साफ नकार दिला, आणि त्यांचे योग्यच होते. नातवाने चार वेळा डोके खाली घातले आणि चारही वेळा बुचासारखा वर आला. दर्शन होते, स्पर्श नव्हता. भाच्याने बांबूला झारा बांधून आणला. पत्नी तेथूनच म्हणाली, "भजं आहे का ते, झाऱ्यानं काढायला?" भाच्याने झारा सोडून ठेवला.

यानंतर जे झाले तो माझा दोष. भूक लागली होती, ऊन डोक्यावर होते, मुलांची बोटे पाण्याने सुरकुतली होती. देवाचे स्थान आता कळले आहे, तेव्हा दुसऱ्या टोकाला पाय टेकून हळूहळू जाण्यास हरकत नसावी, असे मी भाच्याला सांगितले. आपलाच निर्णय मी दीड तासात मोडला. भाचा उतरला. दोन पावले टाकली आणि शेवाळावरून जो घसरला तो थेट टाक्याच्या मध्यापर्यंत गेला. खालचा सगळा गाळ वर आला. पाणी हिरवेगार झाले. बाळकृष्ण, बेडूक, तळ, सगळे नाहीसे झाले.

तोंडातले पाणी टाकत भाचा म्हणाला, "मामाजी, तुमचं पहिलंच बरोबर होतं."

तेव्हा पत्नी उठली. काठी तिने सूनबाईंच्या हाती दिली. "आता कोणी पाण्याले हात लावू नका," ती म्हणाली. "गाळ बसू द्या." एरवी शहरी बोलणाऱ्या तिच्या तोंडी माहेरची बोली आलेली पाहून मी जरा सावध झालो.

गाळ बसायला तासभर तरी लागणार होता. तो वेळ मी रिकामा घालवला नाही. देव माझ्या हातून पडला होता, तेव्हा आता उतरणे माझेच कर्तव्य होते. मला पोहता येत नाही, परंतु कठडा धरून पालथे होता येईल असे वाटले. नातवाने गुरूची भूमिका घेतली. बादलीत पाणी भरले, माझ्या डोळ्यांवर मुखवटा चढवला, नळी दातांत दिली आणि म्हणाला, "आजोबा, नाकाला विसरा." सत्तर वर्षांचा अभ्यास असा एका वाक्यात विसरता येत नाही. मी बादलीत तोंड घातले. माझ्या मिशांमुळे मुखवटा नीट चिकटेना. वरच्या ओठापाशी पाणी शिरले, नाकापर्यंत चढले, आणि मी बादलीसकट मागे आलो. तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी बारा आकडे मोजेपर्यंत टिकलो. नात म्हणाली, "छान!" नातू प्रामाणिक आहे, त्याने काही म्हटले नाही. वानरांपैकी एक या वेळपर्यंत कठड्यावर येऊन बसले होते आणि माझ्या अभ्यासाकडे लक्षपूर्वक पाहत होते.

अडीच वाजले. पाणी निवळले. मी धोतर खोचून कठड्याशी गेलो तर पत्नी तेथे आधीच उभी होती. पदर कमरेला बांधलेला, लुगड्याचा कासोटा घातलेला, चष्मा काढून सूनबाईंच्या हाती दिलेला. तिने नातीपुढे हात केला. "दे ते."

"अगं, तू?" मी म्हणालो. "पाणी चार फूट आहे."

"रोहण्याच्या विहिरीत तीन पुरुष खोल होतं," ती म्हणाली. "आईनं पाठीले भोपळा बांधून ढकललं होतं मले. दुसऱ्या साली भोपळा सोडला."

हे मी एकोणपन्नास वर्षांनी प्रथमच ऐकत होतो. तिच्यासोबत मी किती तीर्थांवर गेलो! प्रत्येक ठिकाणी घाटाची साखळी धरून मी स्नान करीत असे आणि ती पायरीवर बसून माझे कोरडे कपडे सांभाळत असे.

"आई, मग सकाळीच का नाही बोललात?" सूनबाईंनी विचारले.

"पोरांचं पाहणं चाललं होतं. त्यासाठीच आणलं न त्याहिले? अडीच वाजेलोक थांबायचं ठरवलं होतं मी." मग ती माझ्याकडे वळली. मुखवटा तिने हातात धरला होता. "बायकांनी साष्टांग घालू नये, असं तुम्ही सांगत आले. हे पाण्यावरचं चालते का?"

मी थांबून विचार केला, कारण प्रश्न थट्टेचा नव्हता. "तो नियम भूमीचा आहे," मी म्हणालो. "जलाला तो लागू असल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही."

"मग ठीक."

तिने मुखवटा लावला. तिला मिशा नाहीत, तो तत्काळ चिकटला. नळी तोंडात धरली, कठड्यावर बसली आणि कोणाच्या हाताचा आधार न घेता पाण्यावर पालथी झाली. लुगडे फुगून तिच्याभोवती पसरले. आम्हाला नंतर फक्त नळी दिसत होती. ती ईशान्येच्या कोपऱ्याकडे सरळ चालली होती.

"मामी त पाणबुडी निघाली बाप्पा!" भाचा कुजबुजला.

कोपऱ्यापाशी नळी थांबली. मग ती पाण्याखाली गेली. त्याच ठिकाणी दोन तळपाय वर आले, भेगाळलेले, आळत्यासारखे लाल झालेले, आणि ते आकाशाकडे होते. त्या स्थितीतही तिने पाय देवाकडे केले नव्हते. नातू मोठ्याने आकडे मोजू लागला. सातापर्यंत मीही त्याच्यासोबत मोजत होतो. आठाला मी मोजणे सोडून कठड्यावरून वाकलो. तेव्हा पहिल्यांदा मला जाणवले, की सकाळपासून मी चुकीची गोष्ट हरवल्याची चिंता करीत होतो.

अकराला ती वर आली. नळीतले पाणी तिने अशा जोराने फुंकरले, की कठड्यावरचे वानर उठून निंबावर गेले. नातू आनंदाने वेडा झाला. "आजी! हे शिकायला लोकांना आठवडा लागतो!"

तिची उजवी मूठ मिटलेली होती. कठड्याला धरून तिने मुखवटा वर सरकवला. कुंकू फिसकटून कपाळभर झाले होते. तिने मूठ उघडली. बाळकृष्ण लाडू धरून तसाच रांगत होता, गुडघ्याला थोडे शेवाळ लागले होते.

"पाण्यात केवढा मोठा दिसतो हो," ती धापा टाकत म्हणाली. "चष्म्याशिवाय दिसला. कमरेचा करदोटासुद्धा दिसला. तो झिजून गेला असंच मी समजत होते."

नातवाने सांगितले, की पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून वस्तू मोठी दिसते. त्याचे म्हणणे खरेच असणार.

मी दोन्ही हात पुढे केले होते. तिने बाळकृष्ण माझ्या हातात दिला नाही. ओल्या पदरानेच पुसून तो नातीच्या ओंजळीत ठेवला. मग मला म्हणाली, "आजपासून याले न्हाऊ मी घालीन. तुम्ही मंत्र म्हणा. तूप मी घालीन तेवढंच."

मी "बरे" म्हणालो. याहून निराळे काही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता आणि इच्छाही नव्हती.

साडेतीनला नैवेद्य झाला. गोळाभात गार झाला होता, पुऱ्या मऊ पडल्या होत्या. भाच्याने अकरा पुऱ्या खाल्ल्या. नातवाने त्याही मोजल्या. दोन पुऱ्या वानरांसाठी भिंतीवर ठेवल्या.

जेवणानंतर मी पत्नीला विचारले, "देव हातून पडला, त्याचे प्रायश्चित्त मी काय करू?" शास्त्रात आहे ते मला ठाऊक होते. तिच्या मनात काय आहे, ते विचारायचे होते.

"तुम्ही पण एकदा तोंड घाला पाण्यात," ती म्हणाली. "बादलीत नाही. टाक्यात."

ऊन कलल्यावर भाच्याने आणि तिने मला दोन्ही बाजूंनी धरले. मिशीला नातीने तूप लावून दिले, कारण त्याने काच चिकटते असे भावाने कोठेतरी वाचले होते. तुपाचा त्या दिवशीचा हा एकमेव सदुपयोग. मी कठडा घट्ट धरून पालथा झालो. चार श्वास टिकलो. स्वतःचा श्वास एवढा मोठा ऐकू येतो हे मला माहीत नव्हते. शंखात फुंकर घातल्यासारखा तो येत होता आणि जात होता. खाली हिरवे शेवाळ होते आणि त्यात एक हाताचा पंजा उमटला होता, पाची बोटे स्पष्ट, आणि बोटांमध्ये अंगठ्याएवढा एक खळगा. बेडूक त्या खळग्यात येऊन बसला होता. मग नाकात पाणी शिरले आणि मला बाहेर काढण्यात आले.

मुले पुण्याला परत गेली. एक मुखवटा आणि एक नळी नातीने आजीसाठी ठेवली आहे. ती आमच्या देवघराशेजारच्या खुंटीवर सोवळ्याच्या पंचासोबत टांगलेली असते. गॅसचा मनुष्य परवा पुन्हा आला होता. त्याने खुंटीकडे पाहिले आणि या वेळी माझीच प्रकृती विचारली. रोज सकाळी मी पाटावर बसून मंत्र म्हणतो, ती बाळकृष्णाला हातात घेते, चमच्याच्या टोकावर येईल तेवढेच तूप लावते आणि अंगठ्याने धरून न्हाऊ घालते. एकदाही तो निसटलेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिकिटे मिळाली तर समुद्रावर जाऊ. तेथे पायरीवर बसून कपडे मी सांभाळीन, हे मी तिला सांगून ठेवले आहे.

हे वाचणाऱ्या सज्जनहो, तुमच्या घरचे जल निर्मळ राहो आणि त्यात जे पडेल ते तुम्हाला परत मिळो. तुमच्या लेकरांचा श्वास लांब असो. तुमच्या देवाला आणि देवामागोमाग तुम्हाला रोज वेळेवर अन्न मिळो. आणि तुमच्या घरात जी कोणी वर्षानुवर्षे काठावर बसलेली असेल, तिला पाण्यात उतरताना पाहण्याचे भाग्य नारायण तुम्हाला देवो. शुभं भवतु.